वाऱ्या भरल्या गाडीत बसतो

वाऱ्याला गाडीची भीती मी घातली, हे मी आजवर ओळखीच्या कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजाऱ्याला नाही, जनावरांच्या डॉक्टरला तर नाहीच. त्यानं तर सरळ विचारलं होतं.

वाऱ्या म्हणजे आमचा ग्रेहाउंड कुत्रा. लांब तोंड, लांब पाय आणि मधे पोट जवळजवळ नाहीच. आमच्या भागात असली कुत्री जत्रेत शर्यतीला पळवतात. वाऱ्याही पळायचा. तेलगावचे गॅरेजवाले गफारभाई त्याचे मालक. शेवटच्या शर्यतीत वाऱ्या सगळ्यांच्या पुढे होता. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, अर्ध्यात वळला आणि प्रेक्षकांत जाऊन एका म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. तिथून त्याचं पळणं संपलं.

मी माझी जुनी पांढरी व्हॅन दाखवायला गफारभाईंकडे गेलतो, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन टेकला. हा कुत्रा टेकतो. भिंतीला सायकल लावावी तसा सगळा भार माणसाच्या मांडीवर टाकून उभा राहतो आणि दुसरीकडे बघतो. मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. लोक यायचे, हजेरी लावायचे, जायचे. बोलावं लागायचं नाही म्हणूनच ती नोकरी मला मानवली. माझं निम्मं बोलणं ‘हं’ या एका शब्दात भागतं. अशा माणसाला कुणी येऊन टेकत नाही. म्हणून गफारभाई जेव्हा म्हणाले, “न्या भाऊ, तुमच्यावर जीव बसला त्याचा,” तेव्हा मी ‘हं’ म्हणालो.

वाऱ्या स्वतःहून गाडीत चढला, हेही इथं सांगतो. शेपूट हलवत चढला. त्याच्या पायाला गॅरेजचं ग्रीस होतं आणि सीटवर त्यानं त्याची रांगोळी काढली. मंगल, म्हणजे माझी बायको, ते बघून काय म्हणेल ते मला पाठ होतं. वाटेत एक वॉशिंग सेंटर दिसलं. म्हटलं निदान बाहेरून तरी गाडी चकचकीत करून नेऊ. आता कुत्र्याला उतरवायचं, अनोळखी लोकांत दोरी धरून उभं राहायचं, कुणी विचारणार कुठला, कितीला घेतला, चावतो का. एवढं बोलणं मला झेपणार नव्हतं. मी वाऱ्याला आत ठेवलं, काचा वर केल्या आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

एक काच पूर्ण वर गेली नव्हती.

प्रेशरचं पाणी काय असतं ते ज्यांनी धुताना गाडीच्या आत बसून पाहिलं नाही त्यांना कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. मी चहाच्या दुसऱ्या घोटाला होतो. दार उघडलं तेव्हा वाऱ्या सीटच्या खाली, पिळायच्या राहिलेल्या टॉवेलसारखा पडला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

घरी मंगलनं विचारलं, “हा ओला का? आणि थरथरतोय का एवढा?”

“तसाच मिळाला,” मी म्हणालो.

“गाडीत कोंडून पाणी मारलं का काय त्या माणसानं?” ती रागानं म्हणाली. काही न बघता तिला इतकं अचूक सुचलं याचं मला आजही नवल वाटतं.

मी ‘हं’ म्हणालो.

तिनं त्याच संध्याकाळी गफारभाईंना फोन लावून मुक्या जनावराचे हाल या विषयावर जो तास घेतला तो मी शेजारच्या खोलीत बसून ऐकला. ती शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ बोलते. पलीकडून गफारभाई काहीच बोलले नाहीत.

ओसरी ते अंगण

लोक काश्मीरचं लिहितात, युरोपचं लिहितात. मला वडवणी ते धर्मापुरी एवढंच लिहायचं आहे. मोटरनं एका सकाळीत जाऊन यावं एवढं अंतर. मला त्यातला पहिला टप्पा, म्हणजे ओसरी ते अंगण, पार करायलाच निम्मा उन्हाळा लागला.

झालं असं, की मंगलची बदली धर्मापुरीच्या शाळेत झाली. शाळा उघडायच्या आत बिऱ्हाड हलवायचं होतं आणि वाऱ्या गाडीच्या सावलीतसुद्धा उभा राहत नव्हता. उचलून ठेवला तर दुसऱ्या दारानं बाहेर. दारं लावली तर काचेवर डोकं आपटायचा. एकदा रक्त आलं, तेव्हापासून ते बंद केलं. मंगलनं सांगून टाकलं, “जायच्या दिवशी बसला तर ठीक. नाही तर दादा नेईल त्याला शेतावर, राखणीला.”

दादा म्हणजे माझे मेव्हणे. माणूस चांगला, पण त्यांच्याकडे कुत्रं साखळीला असतं. आणि वाऱ्या राखण काय करणार? तो वासराच्या शेपटीला भितो.

मोबाइलवर एक बाई सांगत होती की कुत्र्याला गाडी आवडायला लावायची तर आपण गाडीत आनंदानं वेळ घालवावा. इंजिन बंद ठेवावं, दारं उघडी ठेवावीत, खावं-प्यावं, कुत्रं आपोआप येतं. मी दुपारचं ताट घेऊन अंगणातल्या व्हॅनमध्ये जेवायला लागलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वाऱ्या ओसरीवरून बघायचा. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या गाडीत आनंदानं पिठलं खाणं ही सोपी गोष्ट नाही. घामानं भाकरी ओली व्हायची.

त्या बाईच्या देशात माणसं गाडीत बसून जेवत असतील. वडवणीत घर असताना गाडीत जेवणाऱ्याचा एकच अर्थ होतो. तिसऱ्या दिवशी शेजारचे सोपानराव कुंपणाशी आले.

“वहिनीसंगं काय झालं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही.”

“न्हाई कसं? जेवण भाईर लागलंय तुमचं. आमचं बी झालतं एकदा. मी गोठ्यात जेवायलो होतो. माफी मागून टाका, मोकळं व्हा.”

मी ‘हं’ म्हणालो. त्यांच्या सल्ल्यात त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त तथ्य होतं.

मग खरं कारण कळल्यावर ते म्हणाले, “गाडीची पूजा केलती का, घेतली तवा?” जुनी घेतली होती, केली नव्हती. “मग कुत्रं कावून, कशापायी बसंल त्यात?” त्यांनी स्वतः लिंबं आणली, चाकाखाली ठेवली, बोनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि नारळ फोडला. मंगलनं ओवाळलं. वाऱ्यानं ओसरीवरून उतरून अंगणात येऊन सगळं खोबरं खाल्लं आणि परत जाऊन झोपला. गाडीच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला, म्हणून आम्ही तो टप्पा पार पडला असं धरलं.

वडवणीचा बाजार

मोबाइलवरच्या बाईचा पुढचा धडा असा होता की गाडी नव्या, गमतीच्या ठिकाणी न्यावी आणि कुत्र्याला तिथं चालवत आणावं. बाजाराच्या दिवशी मी व्हॅन आधीच स्टँडजवळ नेऊन लावली, घरी चालत आलो आणि वाऱ्याला दोरीनं चालवत बाजारात नेलं. गरम कांदाभजी घेतली, कागद उघडून मागच्या सीटवर ठेवली. चारी दारं उघडली आणि गाडीशेजारी उभा राहून जमेल तेवढ्या प्रेमळ आवाजात सुरू झालो.

“चल. बस बरं. बस की. भरपूर जागा आहे. आता लगेच निघायचं.”

आता ज्यांनी आमच्याकडचा प्रवास केला नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे स्टँडजवळ पांढरी गाडी, उघडी दारं आणि शेजारी ‘बसा, जागा आहे, लगेच निघायचं’ म्हणणारा माणूस दिसला की लोक विचार करत नाहीत. बसतात.

पहिली बसली सोजरआक्का. मला तेव्हा नाव माहीत नव्हतं. नऊवारी, डोक्यावर मेथीचं गाठोडं. मागून एक गडी नवा फवारणीचा पंप घेऊन आला, त्याच्यामागं त्याची बायको, तिच्यामागं तिची आई. मी तोंड उघडून उभा होतो. ‘ही गाडी भाड्याची नाही’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण वाक्य बाहेर काढण्यात मी लोकांपेक्षा नेहमीच एक गाडी मागं असतो.

“भजी बी हायत वाटतं,” आक्का म्हणाल्या आणि कागद पुढं सरकवला. “घ्या गं. गाडीवाला चांगला हाय.”

भजी संपली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माझ्या हातातली दोरी ताणलेली होती आणि तिचं दुसरं टोक गाडीत होतं. वाऱ्या आत होता. आक्का आणि पंपवाल्याच्या मधल्या फटीत तो आधी नाक, मग मान, मग बाकीचा लांबलचक कुत्रा असा हप्त्याहप्त्यानं शिरला, आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सुस्कारा सोडला.

“ह्ये कुणाचं हरीण हाय?” आक्कांनी विचारलं.

“माझं,” मी म्हणालो.

“बरं. चला आता. तेलगावला पोचायचंय मला.”

मी तेलगावला निघालो. दुसरं काय करणार होतो? दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधेच एखादा हिरवा उसाचा तुकडा, बांधाला बाभळी, रस्त्यावर उन्हाची झळ पाण्यासारखी हलणारी. मागं वाऱ्या घोरत होता. माझ्या गाडीत घोरत होता. मला रडू येईल की काय असं वाटलं, पण मागं माणसं होती.

उतरताना आक्कांनी कमरेची पिशवी काढली. मी मान हलवली. पंपवाल्याकडूनही घेतलं नाही. आक्का खाली उतरून थांबल्या आणि माझ्याकडं निरखून बघायला लागल्या.

“फुकट आणलंस. भजी खाऊ घातली. कशाला उभा ऱ्हायलास रे बाबा?”

मला वाटलं, इथं का थांबलास असं विचारतात. मला तर तिथून कुठं जायचं तेही सुचत नव्हतं. मी ‘हं’ म्हणालो.

“झेडपीला का पंचायत समितीला?”

“त्ये न्हाई सांगायचे आत्ताच,” पंपवाला समजूतदारपणे म्हणाला.

तेलगाव, आणि परत, आणि परत तेलगाव

माणसं उतरली तसा वाऱ्याही उतरला. रिकाम्या गाडीकडं त्यानं एकदा बघितलं आणि मला ओढत रसवंतीच्या सावलीत नेऊन बसवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या कुत्र्याला गाडीची भीती नाही. मोकळ्या गाडीची आहे.

म्हणजे परत जायचं तर वडवणीची माणसं गोळा करणं आलं. जन्मात कधी ज्यानं कुणाला स्वतःहून हाक मारली नाही असा मी तेलगावच्या चौकात उभा राहून खालच्या आवाजात म्हणालो, “वडवणी.” कुणी बघितलं नाही. मग जरा मोठ्यानं म्हणालो, “वडवणी, वडवणी.” तिसऱ्या हाकेला स्टँडवरच्या जीपचा डायव्हर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“नंबर लावलास का बे? कुठला हाय तू? कावून आमचा धंदा बसवायलास?”

मी कुत्र्याकडं बोट दाखवलं. त्यातून त्याला काय कळणार? पण आक्का अजून तिथंच होत्या.

“गप रे,” त्या म्हणाल्या. “त्यो इलेक्शनला उभा ऱ्हायलाय. गरिबाला फुकट नेतो.”

डायव्हरचा चेहराच बदलला. “आसं व्हय. मग आधी सांगायचं की साहेब.” त्यानं स्वतः हाका मारून माझी गाडी भरून दिली. दारं लावता लावता विचारलं, “अपक्ष का? चिन्ह काय, कुत्रं?”

त्यानंतर रोजचा नेमच झाला. सकाळी वडवणी ते तेलगाव, ऊन चढायच्या आत परत. वाऱ्या कुणाच्याही मांडीवर डोकं टाकायचा. लोक त्याला शेंगदाणे, गुळाचा खडा, एकदा तर पाहुण्यांसाठी नेत असलेला अख्खा पेढा द्यायचे. मला लोकांनी नाल्यांच्या, रोहित्रांच्या, शाळेच्या पत्र्यांच्या तक्रारी सांगितल्या. मी सगळ्याला ‘हं’ म्हणत गेलो. माझ्याइतकं लक्ष देऊन ऐकणारा उमेदवार त्यांनी बघितला नव्हता, असं एका म्हाताऱ्यानं बोलून दाखवलं.

या सगळ्यात एक गोष्ट मी रोज टाळत होतो. तेलगावात शिरताना डाव्या हाताला गफारभाईंचं गॅरेज लागतं. तिथं आलो की मी मान खाली घालून काट्याकडं बघायचो, जणू वेग मोजणं हेच माझं जन्माचं काम. वाऱ्या मात्र दर वेळी खिडकीतून नाक काढून शेपटी आपटायचा. सीटवर धप धप आवाज यायचा. तो आवाज मला स्टिअरिंगपर्यंत जाणवायचा.

जायचा दिवस

सामानाचा टेम्पो पहाटेच पुढं गेला. मंगल पुढं बसली, मांडीवर धपाट्यांचा डबा. मागं वडवणीची नेहमीची माणसं चढली आणि त्यांच्यात वाऱ्या. सोजरआक्का मुद्दाम निरोप द्यायला आल्या होत्या.

“बाई, तुमचा मालक निवडून येतो बघा,” त्या मंगलला म्हणाल्या. “बोलत न्हाई, म्हंजी खोटं बी बोलत न्हाई.”

मंगलनं माझ्याकडं बघितलं. “अहो, हे काय?”

“हं,” मी म्हणालो. गाडी सुरू केली.

तेलगावात सगळे उतरले. आणि तिथं आमचं नशीब रुसलं. नुकतीच परळीची, म्हणजे आमच्याच वाटेची, एसटी येऊन सगळा स्टँड उचलून घेऊन गेली होती. चौकात माणूस नाही. मी ‘परळी, परळी’ ओरडून बघितलं, तर एक शेळी आली. वाऱ्या रसवंतीच्या सावलीत जाऊन पडला. मी हाक मारली, धपाटा दाखवला, गाडीत बसून स्वतः खाऊन दाखवला. तो उठला, गाडीपर्यंत आला, रिकामं आत बघितलं. पाय थरथरायला लागले. परत फिरला.

ऊन चढत होतं. मंगलनं पर्समधून मोबाइल काढला. तिचाही आवाज बरा नव्हता. “दादाला लावू का फोन? येतो म्हणालाय. पाय बांधून का होईना, नेईल उचलून.”

“थांब जरा,” मी म्हणालो. त्याच्यापुढं काय, ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्या उठला, कान मागं टाकले आणि रस्ता ओलांडून पळाला. शर्यत सोडल्यापासून मी त्याला पळताना कधी बघितला नव्हता. दिसला आणि तिकडं पोचला, एवढंच सांगता येईल. तिकडं गॅरेजच्या दारात गफारभाई चिंधीला हात पुसत उभे होते. वाऱ्या त्यांना जाऊन टेकला.

गफारभाई त्याला घेऊन सावकाश आमच्याकडं आले. “काय भाऊ. रोज जाताव, रोज येताव. सलाम न्हाई की दुआ न्हाई.”

“हं,” मी म्हणालो.

मंगलनं तोंड फिरवलं होतं. तसंच तोंड फिरवून ती म्हणाली, “बसत नाही तो गाडीत. बसेल कसा? भीतीच तशी घातलीय.”

गफारभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी रसवंतीच्या चाकाचे घुंगरू मोजायला लागलो.

“मोकळ्या गाडीत त्याला करमत न्हाई भाभी,” ते म्हणाले. “शर्यतीला आमी धा-बारा जण न् ह्यो, एका जीपमदी जायचो. ह्याच्या मांडीवर, त्याच्या मांडीवर. एकदा तर आडवा झोपला, डोकं डायव्हरपाशी न् शेपूट जीपच्या भाईर. एवढा लांब होता तवा.” हात पसरून त्यांनी जी लांबी दाखवली ती बैलाची होती. मग ते वळून ओरडले, “नवाज, दुकान गुंडाळ. परळीला चाललाव आपण.”

नवाज म्हणजे त्यांचे मेव्हणे. गॅरेजशेजारी टरबुजाची गाडी लावतात. “परळीला कशाला? माझी टरबुजं?”

“टरबुजं बी घे. गाडी भरायची हाय.”

गॅरेजचं शटर खाली आलं. मागच्या भागात टरबुजं रचली. मधल्या सीटवर नवाज बसले, गफारभाई बसले, त्यांच्यात वाऱ्यासाठी फट ठेवली. तरी एका कोपऱ्यात जागा उरली. वाऱ्यानं एक पाय आत ठेवला, त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं आणि पाय काढून घेतला.

गफारभाईंनी सगळ्यात मोठं टरबूज उचललं, कोपऱ्यात बसवलं आणि डोक्यावरची ऑइल कंपनीनं फुकट दिलेली टोपी काढून त्याला घातली.

वाऱ्यानं टरबुजाचा वास घेतला. टोपीचा घेतला. मग आत चढला आणि त्या टरबुजाला टेकून बसला.

सिरसाळ्याच्या पुढं

सिरसाळा मागं पडलं तसा मंगलनं डबा उघडला. धपाटे, घट्ट दही, लसणाची चटणी. नवाजना दिलं, मला दिलं. गफारभाईंना द्यायला हात मागं केला आणि तिथंच थांबली.

“एक विचारते. खरं सांगाल?”

“विचारा की भाभी.”

“त्याला गाडीत कोंडून पाणी मारलं होतं ना तुम्ही?”

मी आरशात बघितलं. आरशात गफारभाई होते, वाऱ्याचं नाक होतं आणि टोपी घातलेलं टरबूज होतं. तिघंही माझ्याकडं बघत होते.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तोंडात धपाटा होता, तो मी गिळला. पुढं वाक्यही आलं होतं. तेवढ्यात गतिरोधक आला, गाडी उडाली, टरबूज नवाजच्या मांडीवर पडलं, टोपी वाऱ्याच्या डोळ्यांवर आली, सगळे त्या गडबडीत गुंतले. गडबड शमली तेव्हा गफारभाई शांतपणे म्हणाले,

“व्हय भाभी. चुकी झाली.”

मंगलनं त्यांच्या हातावर एक सोडून दोन धपाटे ठेवले, वर दह्याचा गोळा. “चूक कबूल करायला मन मोठं लागतं,” ती म्हणाली. “काही माणसांना जन्मभर जमत नाही.”

ती कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. मी गाडी सरळ चालवत राहिलो. परळी आली. तिथं दोघं उतरणार होते, पण वाऱ्याचं डोकं नवाजच्या मांडीवर होतं आणि त्यांना उठवत नव्हतं.

धर्मापुरी

धर्मापुरीत आम्ही पोचलो ते टरबूजवाले म्हणून. टेम्पोतलं सामान उतरायच्या आधी नवाजनी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि गल्लीतल्या बाया जमल्या. निम्म्याहून जास्त माल तिथंच खपला. शेजारच्या काकूंनी मंगलला विचारलं, “रोज याल का, का बाजाराच्या दिवशीच?” मंगलनं सांगितलं की मी इथल्या शाळेत बाई म्हणून आलेय. काकू म्हणाल्या, “मग ह्ये टरबूज कोण इकतंय?” माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी ‘हं’ म्हणालो नाही. तेवढं शिकलो होतो.

घर लागेपर्यंत मी आणि गफारभाई वाऱ्याला घेऊन जुन्या देवळापाशी गेलो. मोठं दगडी देऊळ, भिंतीभर कोरलेल्या बायका, कुणी आरसा बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय असं वाटावं अशा वळलेल्या. वडवणीत असलं काही नाही. आमच्याकडं देवळाला दर वर्षी ऑइलपेंट देतात. वाऱ्यानं भिंतीचा वास घेतला, मग एका दगडी बाईच्या पायाखाली पाठ लावून टेकला. दगड थंड असावा.

मी म्हणालो, “तुम्ही तसं का सांगितलं?”

गफारभाई टरबुजाची फोड खात होते. बिया लांब थुंकायची त्यांना हौस. एक बी बरीच लांब गेली, ती त्यांनी समाधानानं बघितली.

“वॉशिंग सेंटरवाला माझा चुलतभाऊ हाय,” ते म्हणाले. “त्याच संध्याकाळी सांगितलतं त्यानं. म्हणाला, एक साहेब आलता, कुत्र्यासकट गाडी धुऊन गेला. आमी लई हसलाव. आन् हसायलोच होताव, तवर भाभींचा फोन आला.”

“मग फोनवर का नाही बोललात?”

“तुमच्या घरची गोष्ट. तुमी सांगताल म्हणून वाट बघितली. आज बी गाडीत बघितली. तुमचं तोंड उघडलं होतं, म्हटलं आला शब्द. तवर त्यो गतिरोधक.” त्यांनी अजून एक बी थुंकली. ती जवळच पडली. “घाई न्हाई भाऊ. पण मी ह्याला लेकरासारखं वाढवलंय. मी ह्याला छळलं, असं एका घरात तरी बोललं जातंय. त्ये बरं वाटत न्हाई.”

हे ते हसत म्हणाले नाहीत. पूर्ण दिवसात तेवढंच.

परतीला ते दोघं जीपनं गेले. मंगलनं त्यांना उरलेले धपाटे बांधून दिले आणि म्हणाली, “झालं गेलं विसरा.” गफारभाईंनी तिला हात जोडले. माझ्याकडं बघितलंही नाही. वाऱ्या जीप दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा होता, आणि मी त्याच्या मागं.

आता वाऱ्या गाडीत बसतो. रोज परळीपर्यंत चक्कर असते. आधी चार माणसं लागायची, मग दोन, मग टोपी घातलेलं एक टरबूज पुरायला लागलं. पाऊस लागला तशी टरबुजं गेली, आता भोपळा आहे. धर्मापुरीतले लोक विचारतात, भोपळ्याला टोपी कावून? मी त्यांना सांगतो. पूर्ण सांगतो, वॉशिंग सेंटरपासून. अनोळखी माणसाला सांगायला जमतं. वडवणीहून अजूनही कुणीकुणी विचारतं, फॉर्म कधी भरणार. घरी मात्र मंगल भोपळा पुसून सीटवर ठेवते, टोपी सरळ करते आणि म्हणते, “गफारभाई माणूस चांगला निघाला हो, चूक मान्य केली.” दर वेळी मी तोंड उघडतो.

हे लिहिलंय, पण लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी धरत नाही. गफारभाईंना मी दोन गोष्टी देणं लागतो. एक त्यांची टोपी. दुसरं, मंगलसमोर, त्यांच्या देखत, माझ्या तोंडानं एक वाक्य: वाऱ्यावर पाणी माझ्यामुळं पडलं, गफारभाईंनी त्याला कधीच छळलं नाही.